कुंडीखालची बशी

हैदराबाद शहरातील नल्लकुंटा या वस्तीचे नाव तेलुगू आहे. ‘नल्ल’ म्हणजे काळे आणि ‘कुंटा’ म्हणजे तळे. त्या नावातील तळे आज कोणाला दाखवा म्हटले तर दाखविता यावयाचे नाही. दृष्टीस पडतात त्या एकमेकींना खेटून उभ्या राहिलेल्या इमारती, औषधांची दुकाने आणि सकाळ-सायंकाळ वाहणारी रहदारी. परंतु पाणी मात्र तेथून गेलेले नाही. ते आता घराघरांत शिरले आहे. प्लास्टिकच्या पिंपात ते आहे, उन्हाळा सरल्यावर गच्चीवर नेऊन टाकलेल्या कूलरमध्ये ते आहे, न्हाणीघरातील बादलीत ते आहे आणि ज्या जागेकडे कोणाचेही लक्ष जात नाही त्या जागी, म्हणजे गॅलरीतील कुंडीखालच्या बशीतही ते आहे. प्रस्तुत लेख या शेवटच्या, चार चमचे पाण्याविषयी आहे.

माझी थोरली बहीण, अक्का, लग्न होऊन या वस्तीत आली त्याला आता चाळीस वर्षे होऊन गेली. आम्हा दोघींचे माहेर जालन्याचे. जालना आणि हैदराबाद ही 1956 पर्यंत एकाच राज्यातील गावे होती आणि काचीगुड्याहून मनमाडकडे जाणारी आगगाडी आजही त्या दोहोंना जोडून ठेवते. त्यामुळे परमुलखात मुलगी दिली असे आमच्या वडिलांना कधी वाटले नाही. अक्काला झाडांचा नाद लहानपणापासूनचा. माहेरी परसात जाई होती, कर्दळ होती, विहिरीच्या कडेला अळूचे वाफे होते. नल्लकुंट्याच्या दुसऱ्या मजल्यावर यांपैकी काहीच शक्य नव्हते. तेव्हा तिने फार ऊन न मागणारी, फार निगा न मागणारी, घरातल्या घरात राहणारी झाडे जमविली. जाळीवर चढविलेला मनीप्लांट, तलवारीसारख्या उभ्या पानांच्या स्नेक प्लांटच्या तीन कुंड्या, टांगलेल्या टोपलीत स्पायडर प्लांट, मुलाने आणून दिलेले चकचकीत पानांचे झीझी आणि दूरदर्शन संचाशेजारी काचेच्या भांड्यात पाण्यात उभी केलेली लकी बांबूची पाच कांडी, असा तो संसार.

ही सारी झाडे हयगय सोसणारी म्हणून प्रसिद्ध आहेत. रोपवाटिकेवाला ती विकताना “याला काही करावे लागत नाही” असेच सांगतो, आणि ते खरेही आहे. तरीही अक्काची झाडे कधी तरारलेली मी पाहिली नाहीत. मनीप्लांटची पाने पिवळी पडून गळत, स्नेक प्लांट बुंध्याशी मऊ होऊन आडवा होई, झीझीच्या फांद्या एकेक करून कोलमडत. अक्का कष्टी होई. “अगं, रोज सकाळी न चुकता तांब्याभर पाणी घालते प्रत्येकाला. पोरांच्या आधी यांना पाजते. मग ही माझ्यावर का रुसतात?” असे ती मला फोनवर विचारी. प्रश्नाचे उत्तर प्रश्नातच होते, परंतु ते मलाही त्या वेळी उमगले नव्हते.

दोन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात अक्काच्या सहा वर्षांच्या नातवाला ताप आला. दोन दिवसांत तो इतका चढला की पोर डोळे उघडीना. अंग दुखते, डोळ्यांच्या मागे दुखते, एवढेच म्हणे. रक्त तपासले तेव्हा डेंग्यू निघाला. इस्पितळात सहा रात्री गेल्या. रक्तातील बिंबाणू रोज मोजले जात आणि अक्का तो आकडा देवाच्या नावासारखा पुटपुटत बसे. पोर वाचले. मी जालन्याहून जाऊन पोहोचले तेव्हा त्याला घरी आणलेले होते.

त्याच दिवशी महापालिकेच्या आरोग्य खात्यातील एक कर्मचारी बाई घरी आल्या. ज्या घरात असा रुग्ण निघतो त्याच्या आसपासची घरे तपासावयाची असतात. बाईंनी पिंपे पाहिली, ती झाकलेली होती. कूलर पाहिला, तो कोरडा होता. मग त्यांची दृष्टी खिडकीतील हिरव्या बाटलीवर गेली. मनीप्लांटची एक फांदी अक्काने तीत लावलेली होती. बाईंनी एक पांढरी वाटी मागून घेतली आणि बाटलीतले थोडे पाणी तीत ओतले. पाण्यात अर्ध्या पेराएवढे सुताचे तुकडे असावेत तसे काहीतरी वर-खाली वळवळत होते. “दोमलु, अम्मा, दोमलु!” बाई म्हणाल्या. दोमलु म्हणजे डास. मग त्यांनी एकेक कुंडी उचलून खालच्या बश्या पाहिल्या. तीन बश्यांत तेच. “पानी जमा नक्को करो,” असे आपल्या दख्खनीत बजावून त्या शेजारच्या दारी गेल्या.

अक्का मटकन खाली बसली. तिच्या मनात काय आले असेल ते सांगावयास नको. त्या मुलाला कोणत्या घरचा डास चावला हे सांगणे कोणाच्याही आवाक्यातले नव्हते. शाळेत चावला असेल, जिन्यात चावला असेल, समोरच्या बांधकामावरचा असेल. परंतु हे तिला पटविणे कठीण होते. त्या दुपारी तिने साऱ्या कुंड्या उचलून जिन्यात नेऊन ठेविल्या आणि सुनेला म्हणाली, “उद्या घंटागाडीत देऊन टाक.” मी त्या घंटागाडीत जाऊ दिल्या नाहीत. झाडांचा यात काय अपराध होता, हे मला स्वतःलाच जाणून घ्यावयाचे होते. पुढे जे वाचले, विचारले आणि करून पाहिले ते येथे मांडते.

नल्लकुंट्यातच हैदराबादचे सुप्रसिद्ध फीव्हर हॉस्पिटल आहे. जुनी माणसे त्याला अजून ‘कोरंटी दवाखाना’ म्हणतात. क्वारंटाइन या शब्दाचे लोकांच्या तोंडी झालेले हे रूप. त्याला सर रोनाल्ड रॉस यांचे नाव दिलेले आहे, आणि ते योग्यच आहे. या लष्करी डॉक्टराने 20 ऑगस्ट 1897 रोजी येथून जवळच, सिकंदराबादेला बेगमपेठेतील एका इमारतीत, डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू प्रथम पाहिले आणि त्यासाठी त्यांना 1902 साली नोबेल पारितोषिक मिळाले. रॉससाहेबांनी आपल्या प्रयोगासाठी डासांच्या अळ्या मिळवून भांड्यांत मुद्दाम वाढविल्या होत्या. आपण त्याच खिडकीत, बाटलीत, अजाणता वाढवितो, एवढाच फरक.

डेंग्यूचा डास मात्र हिवतापाच्या डासाहून निराळा. शास्त्रीय नाव एडिस इजिप्ती. काळा, पायांवर पांढरे पट्टे असलेला. तो दिवसा चावतो, त्यामुळे रात्रीची मच्छरदाणी त्याच्यापुढे फारशी उपयोगी पडत नाही. गटार, डबके ही त्याची आवडीची जागा नव्हे. त्याला माणसाच्या घरातले, सावलीतले, स्थिर आणि बऱ्यापैकी स्वच्छ पाणी हवे असते, आणि तेही थोडे पुरते. अंड्यापासून उडणारा डास होण्यास आपल्याकडील उष्णतेत सात ते दहा दिवस लागतात. जन्मस्थानापासून शे-दोनशे मीटरांच्या पलीकडे तो सहसा जात नाही. म्हणजे जो डास आपल्याला चावतो तो बहुधा आपल्या किंवा शेजाऱ्याच्या घरचाच असतो.

याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे आणि ती पुष्कळ सुशिक्षित घरांतही ठाऊक नसते. या डासाची मादी पाण्यात अंडी घालीत नाही. ती पाण्याच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर काठावर ती चिकटविते. पाणी ओतून टाकले तरी अंडी काठाला तशीच राहतात. कोरडी पडली तरी कित्येक महिने मरत नाहीत. पुन्हा पाणी भरले आणि ते त्यांच्यापर्यंत पोहोचले की अळ्या बाहेर येतात. तेव्हा “मी दर आठवड्याला बाटलीतले पाणी बदलते” असे म्हणणारी गृहिणी अर्धेच काम करीत असते. पाणी बदलताना भांड्याची आतली बाजू काथ्याने किंवा बाटली घासावयाच्या ब्रशाने खसखसून घासली पाहिजे. बशीलाही तेच लागू.

आता झाडांकडे वळू.

अक्काची झाडे मरत होती ती तहानेने नव्हे, बुडून. माणूस फुप्फुसाने श्वास घेतो तसा झाडाच्या मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांच्या मध्ये बारीक पोकळ्या असतात आणि त्यांतील हवेवर मुळे जगतात. रोज पाणी पडत राहिले तर त्या पोकळ्या पाण्याने भरून जातात, मुळे गुदमरतात, आणि मग बुरशी त्यांना कुजविते. कुजलेले मूळ पाणी शोषू शकत नाही. त्यामुळे माती चिंब असूनही पाने तहानलेल्या झाडासारखी लोंबू लागतात. घरची मायाळू बाई ते पाहते, “अरेरे, सुकले!” म्हणते आणि आणखी एक तांब्या ओतते. घरातील झाडे मरण्याचे सर्वांत मोठे कारण ही माया आहे. जे पाणी मुळांना नको असते ते खालच्या छिद्रातून बशीत उतरते आणि तेथे ज्याला ते हवे असते तो येऊन बसतो. झाडाला नकोसे झालेले पाणीच डासाला हवे असते. त्यामुळे झाडाच्या भल्याचा आणि लेकराच्या भल्याचा उपाय एकच निघतो.

पाणी कधी घालावे याला वार किंवा घटका नाही. त्याला बोट हवे. तर्जनी दोन पेरांपर्यंत मातीत घालावी. ओल लागली, माती बोटाला चिकटली, तर त्या दिवशी पाणी नाही. बोट कोरडे निघाले तर पाणी. कुंडी लहान असेल तर उचलून पाहावी. पाणी प्यालेली कुंडी जड आणि तहानलेली हलकी, हा अंदाज आठ-पंधरा दिवसांत हाताला येतो. मात्र घालावयाचे तेव्हा पोटभर घालावे. रोजच्या घोटभर पाण्याने वरची दोन बोटे मातीच तेवढी ओली राहते आणि मुळे खाली जाण्याऐवजी वरच रेंगाळतात. खालच्या छिद्रातून पाणी येईपर्यंत सावकाश घालावे, अर्धा तास थांबावे, बशीत उतरलेले पाणी ओतून टाकावे आणि मग बोट कोरडे निघेपर्यंत त्या झाडाला विसरून जावे. हे विसरणेच अक्काला सर्वांत जड गेले.

एकाच घरात राहिली तरी या झाडांची कुळशीळे निरनिराळी आहेत. स्नेक प्लांट पश्चिम आफ्रिकेतला. तो दिवसा पानांची रंध्रे मिटून घेतो आणि रात्री, गारव्यात, उघडतो. त्यामुळे त्याच्या अंगातले पाणी उन्हात उडून जात नाही. त्याचाच एक भाऊबंद आपल्या देशातही आहे. मूर्वा म्हणून वैद्य ज्या निरनिराळ्या वनस्पती दाखवितात त्यांपैकी तो एक, आणि मूर्वेच्या वाखाची दोरी धनुष्याला लावीत म्हणूनच संस्कृतात प्रत्यंचेला ‘मौर्वी’ म्हणतात. अशा काटक घराण्यातील झाडाला रोज तांब्याभर पाणी घालणे म्हणजे उपासाचा सराव असलेल्या माणसाला चार वेळा जेवू घालणे होय. उन्हाळ्यात त्याला दोन आठवड्यांनी आणि हिवाळ्यात तीन-चार आठवड्यांनी पाणी पुरते. पाणी बुंध्याशी घालावे, पानांच्या मध्याशी साचू देऊ नये. झीझी पूर्व आफ्रिकेतले. त्याला मातीखाली बटाट्यासारखे कंद असतात आणि पाण्याचा साठा त्यातच असतो. त्याच्याविषयी याहून अधिक सांगण्यासारखे काही नाही. त्याला एकटे राहू द्यावे.

स्पायडर प्लांटची मुळे उपटून पाहिली तर पांढरी, मांसल आणि मुसळीसारखी दिसतात. ते साम्य वरवरचे नाही. हा आणि आपली औषधी सफेद मुसळी एकाच गोत्रातील. सफेद मुसळीच्या शास्त्रीय नावात मुंबईजवळची बोरिवली आहे, आणि तिला ते नाव देऊन तिचे शास्त्रीय वर्णन करणाऱ्यांत फादर हेर्मेनेगिल्ड सांतापाव होते. हे स्पॅनिश येशूसंघीय धर्मगुरू मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत. पुढे ते भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख झाले आणि 1967 साली त्यांना पद्मश्री मिळाली. खंडाळ्याच्या डोंगरात हिंडून झाडे गोळा करणाऱ्या या फादरांची आठवण टांगलेल्या टोपलीकडे पाहून व्हावी, हे मला आवडते. या झाडाच्या पानांची टोके करपतात ती बहुधा पाणी कमी पडल्याने नव्हे तर पाण्यातील क्षारांनी. त्याविषयी पुढे सांगते.

मनीप्लांट मुळात दक्षिण पॅसिफिक महासागरातील मोरिया नावाच्या लहानशा बेटावरचा. तेथून निघून त्याने साऱ्या उष्ण कटिबंधात बस्तान बसविले, आणि गंमत अशी की तो फुलत म्हणून नाहीच. फुलण्यास लागणारे एक द्रव्य त्याच्या अंगी पुरेसे तयार होत नाही, असे 2016 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. जगभरचा सारा मनीप्लांट माणसांनी फांद्या तोडून एकमेकांस दिल्यामुळे पसरला. चोरून आणलेली फांदीच लाभते, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. मागितली तर कोणीही आनंदाने देते, ही गोष्ट निराळी. त्याला मातीत आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात त्याहूनही कमी पाणी लागते. बाटलीत तो जगतो खरा, परंतु खुरटून जगतो. म्हणून माझा सल्ला असा की फांदीला बोटभर मुळे फुटली की तिला मातीत लावावे. बाटलीच ठेवावयाची असेल तर फांदीभोवती बाटलीचे तोंड कापसाने घट्ट बंद करावे, म्हणजे मादीला आत जावयास वाट राहत नाही, आणि आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी पाणी बदलून बाटली आतून घासावी.

लकी बांबूला बांबू म्हणणे ही केवळ व्यापाऱ्यांची करामत. तो आफ्रिकेतील ड्रसीना जातीचा. बांबूशी त्याचे काही नाते नाही. काचेच्या भांड्यात, रंगीत खड्यांच्या मध्ये, पाण्यात उभा करून तो भेट देण्याची चाल आहे. 2001 साली चीनहून अमेरिकेत कॅलिफोर्नियाला जहाजांनी लकी बांबू गेले. ते ताजे राहावेत म्हणून त्यांच्या बुडाशी पाणी ठेवलेले होते आणि त्या पाण्यातून डेंग्यूच्या डासाचाच एक चुलत भाऊ, एडिस आल्बोपिक्टस, समुद्र ओलांडून तेथे उतरला. मोठमोठ्या बंदरांतील तपासनिसांची जेथे तारांबळ उडाली तेथे आपल्या दिवाणखान्याची काय कथा! खड्यांच्या फटींत अंडी सहज लपतात. अक्काने ती पाच कांडी खडे काढून टाकून साध्या मातीच्या कुंडीत लावली. तेथे ती पूर्वीपेक्षा हिरवी आहेत.

मातीचीही एक गोष्ट आहे, आणि ती सांगताना मला अक्काची थोडी दया येते. हैदराबाद ग्रॅनाइटच्या खडकावर वसलेले शहर. तेथील माती तांबडी, रेवाळ, पाणी झटकन सोडून देणारी. अक्काला ती परकी वाटे. म्हणून ती दर दिवाळीला जालन्याहून परतताना पिशवीभर काळी माती बरोबर नेई. माहेरची माती, कापूस पिकविणारी, तिच्यात काय उगवणार नाही? परंतु काळी माती चिकण असते. ओली झाली की फुगून घट्ट बसते, पाणी धरून ठेवते, आणि वाळली की भेगा पडून कुंडीच्या कडा सोडते. शेतात जो गुण, तोच कुंडीत दोष. आता आम्ही दोन भाग तांबडी माती, एक भाग कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा आणि एक भाग जाडी वाळू असे मिश्रण करतो. स्नेक प्लांट आणि झीझी यांना वाळू दुप्पट. रोपवाटिकेतून आणलेले रोप पुष्कळदा चिकट मातीच्या गोळ्यासकट मिळते. तो गोळा हलक्या हाताने मोकळा करूनच लावावा. माहेरच्या मातीची एक मूठ अक्का अजूनही प्रत्येक कुंडीत घालते. मुठीने काही बिघडत नाही.

कुंडी मातीची, भाजलेली, असेल तर उत्तम. तिच्या अंगातून पाणी झिरपून उडून जाते. चिनी मातीची किंवा प्लास्टिकची असेल तर बुडाला छिद्र आहे की नाही ते पाहून घ्यावे. शोभेच्या बाहेरच्या कुंडीत साधी कुंडी ठेवण्याची पद्धत हल्ली फार आहे. त्या दोहोंच्या मधल्या फटीत साचलेले पाणी कोणालाच दिसत नाही. बशी हवीच असेल तर ती जाड वाळूने काठोकाठ भरावी. पाणी वाळूत मुरते, फरशी खराब होत नाही आणि उघडे पाणी राहत नाही. येथे एक भीती दूर केली पाहिजे. ओल्या मातीतून बारीक काळी चिलटे उडतात ती डास नव्हेत. ती चावत नाहीत. मात्र ती दिसली की पाणी जास्त होत आहे असे समजावे.

पाणी कोणते घालावे? हैदराबादेत 28 सप्टेंबर 1908 रोजी मुसी नदीला प्रलयंकारी पूर आला आणि त्यानंतर विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने उस्मानसागर व हिमायतसागर हे तलाव झाले. त्या तलावांच्या गोड पाण्यावर शहराच्या दोन पिढ्या वाढल्या. शहर वाढले तसे मांजरा, कृष्णा आणि गोदावरी यांचे पाणी दुरून आणावे लागले, आणि तरीही पुष्कळ घरांत नळ रोज येत नाही. त्यामुळे लोक पाणी साठवितात व बोअरचे पाणी वापरतात. ग्रॅनाइटच्या पोटातून येणारे हे पाणी जड असते. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसतो तो त्याचाच. स्पायडर प्लांट आणि ड्रसीना यांना ते विशेष बाधते. नळाचे किंवा पावसाचे पाणी मिळाल्यास तेच घालावे. मात्र पावसाचे पाणी बादलीत धरून ठेवावयाचे असेल तर फडक्याने घट्ट बांधून ठेवावे. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी काही जणी काटकसर म्हणून झाडांना घालतात. त्यात सारे क्षार एकवटलेले असतात. ते फरशी धुण्यास वापरावे. दूध विसळलेले पाणीही कुंडीत नको; ते आंबते. तांदळाचे धुवण महिन्यातून एखादे वेळी चालेल.

गावाला जाताना आपण सर्वांत मोठी चूक करतो. मे महिन्यात किंवा दिवाळीत कुलूप लावण्यापूर्वी साऱ्या कुंड्या पाण्याच्या टबात उभ्या करून जाण्याचा प्रघात आहे. पंधरा दिवसांनी परत यावे तो मुळे कुजलेली आणि घरात डासांची एक पिढी उडालेली. या झाडांना त्याची मुळीच गरज नाही. निघण्याच्या दिवशी पोटभर पाणी घालून, बश्या रिकाम्या करून, कुंड्या खिडकीपासून दूर, सावलीत एकत्र ठेवाव्यात. स्नेक प्लांट व झीझी महिनाभर राहतात. मनीप्लांट दोन आठवडे राहतो, थोडा मलूल होतो, आणि पाणी मिळाले की एका रात्रीत मान वर करतो.

घरातील झाडांनी हवा शुद्ध होते, असे विक्रेते सांगतात. अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने 1989 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासावर ही समजूत उभी आहे. परंतु तो अभ्यास हवाबंद पेटीतला होता. दारे-खिडक्या असलेल्या घरात तेवढा परिणाम साधावयाचा तर खोलीत पाय ठेवावयास जागा उरणार नाही इतकी झाडे लागतील, असे 2019 मध्ये त्या साऱ्या प्रयोगांचा पुन्हा हिशेब मांडणाऱ्यांनी दाखविले. तेव्हा हवेसाठी खिडकी उघडावी आणि झाड डोळ्यांच्या सुखासाठी ठेवावे. आणखी एक सावधगिरी. मनीप्लांट आणि झीझी ही अळूच्या कुळातील झाडे आहेत. नीट न शिजलेल्या अळूने घसा जसा खवखवतो तसाच, किंबहुना अधिक, यांचे पान चावल्याने होतो. रांगत्या मुलाच्या हाताला लागतील अशी ती ठेवू नयेत.

डासांची पैदास थांबावी म्हणून तेलंगणाच्या नगरविकास खात्याने 2020 साली दर रविवारी सकाळी दहा वाजता दहा मिनिटे घरातील साचलेले पाणी काढून टाकण्याची मोहीम काढली होती. अळीला डास होण्यास लागणारा काळ आणि आठवड्याचे चक्र यांचा मेळ त्यात बरोबर साधलेला आहे. अक्काने ती वेळ धरली ती सोडली नाही. जिन्यातून परत आलेल्या कुंड्यांपैकी दोन स्नेक प्लांट वाचविता आले नाहीत. उरलेल्यांची कुजलेली मुळे कापून, पाने सावलीत दोन दिवस सुकवून, नव्या मातीत लावली.

परवा मी पुन्हा नल्लकुंट्यास गेले होते. रविवार होता. रिकाम्या बश्या गॅलरीच्या कठड्यावर उन्हात पालथ्या घातलेल्या होत्या. नातू आता आठ वर्षांचा आहे आणि कुंड्यांत बोट घालण्याचे काम त्याच्याकडे आहे. दुसऱ्या कोणी बोट घातलेले त्याला खपत नाही. अक्का हातात तांब्या घेऊन मागे उभी होती. त्याने झीझीच्या कुंडीत दोन पेरे बोट घातले, बाहेर काढून निरखून पाहिले आणि चड्डीला पुसले.

“आजी, ओलं आहे. नको.”

“अरे, थोडंसं?”

“नको म्हटलं ना!”

अक्का निमूटपणे तांब्या घेऊन आत गेली.